किल्ली मागून घेतली मी

२७ मे, रात्रीचे साडेदहा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. कूलर चालू आहे, तरी उशी गरमच लागते. डोक्यात फिरून फिरून एकच येतंय, की परवा जिन्यात मी खालच्या ओमसमोर, ज्याच्यावर चार दिवस गच्चीतल्या झाडांचं पाणी सोपवून गेले होते त्याच्यासमोर, हात पुढे केला आणि म्हटलं, "गच्चीची किल्ली दे इकडे." त्याने काही न बोलता खिशातून काढून दिली. किल्लीला लाल दोरा बांधला होता त्याने, हरवू नये म्हणून बांधला असेल. तो दोरा मी घरात आल्यावर पाहिला.

अमरावतीहून आलो ते दुपारी चारला, बॅग तशीच टाकून मी आधी वर गेले. नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, नुकताच लागलेला, फरशीवर चप्पल घालूनही पाय टेकवत नव्हता. जेड ठीक, अडेनियमला तर उन्हाचं कौतुकच असतं, बोगनवेल जरा मान टाकून होती पण ती संध्याकाळी उठते. आणि अण्णांचा बोन्साय वड, ट्रेमध्ये वाढवलेला, पूर्ण उघडा. पानं सगळी ट्रेमध्ये आणि खाली पडलेली, काही पिवळी, काही हिरवीच. नागपुरातल्याच महाल भागातल्या वाड्याच्या भिंतीच्या फटीतून अण्णांनी १९९६ साली बोटाएवढं रोप खरवडून आणलं होतं तो वड हा, आता बुंधा माझ्या मनगटापेक्षा जाड आहे आणि दोन पारंब्या मातीत रुतल्यात. एवढ्या वर्षांत त्याला असं पाहिलं नव्हतं.

मी खाली आले तेव्हा ओम ट्यूशनला निघाला होता. मी विचारलं, तो म्हणाला, "टाकलं ना काकू, दोन्ही टाइम टाकलं, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला." मी म्हटलं, खरं सांग. तो म्हणाला, "खालून पाणी निघेपर्यंत टाकलं, तुम्ही सांगितलं तसंच." तरी मी परत म्हटलं, खरं सांग. त्याची आई दारातच उभी होती. आणि मग ते किल्लीचं.

त्या रात्री मी रडले, ते वडासाठी रडले असं तेव्हा वाटलं. माझ्या हाताखाली काहीच टिकत नाही, चार दिवस घर सोडायची सोय नाही, एका लग्नाला जायची एवढी मोठी किंमत का, असं सगळं येत राहिलं. आणि ते लग्न तरी काय, तिथे वन्संनी जे ऐकवलं ते लिहीतच नाही. अण्णा असते तर. जाऊ दे.

पण आज सकाळी जे कळलं ते लिहायचंय.

सहा वाजता मी स्वतः दोन मग पाणी घातलं. घातल्या घातल्या खालच्या भोकांतून धार लागली. निचरा छान होतोय म्हणून क्षणभर बरंही वाटलं, पण हा ट्रे पाणी प्यायल्यावर जड व्हायला हवा, एका हाताने उचलवत नाही, आणि आज तो सहज सरकला. बांबूची काडी मातीत खुपसली, दोन मिनिटांनी काढली, कोरडी ठणठणीत, टोकाला भुकटी. मग कडेला पाहिलं तर माती आकसून ट्रेपासून सुटलेली, रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी फट सगळीकडून. पाणी वरून पडायचं, त्या फटीतून सरळ खाली निघून जायचं, मधला मुळांचा गोळा तसाच सुका. ओमने पाणी टाकलंच होतं. दोन्ही टाइम टाकलं होतं. खालून निघेपर्यंत टाकलं होतं, मी सांगितलं तसंच.

आणि ती माती कोणी भरली, तर मी. मार्चमध्ये माती बदलून रिपॉट केलं तेव्हा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, निम्म्याहून जास्त टाकलं, हलकं पडतं आणि ट्रे उचलायला सोपा जातो म्हणून. अण्णा विटांचा चुरा चाळून घ्यायचे, बारीक भुकटी टाकून द्यायचे, जाडी रेती आणि जुनं शेणखत, कोकोपीट नावालाच. ओलं असेल तोवर कोकोपीट पाणी छान धरतं, पण एकदा का ते पूर्ण वाळलं की पाणी सहजी आत घेत नाही, बरंचसं वरून ओघळून जातं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मे महिन्यात दर आठ दिवसांनी अण्णा प्रत्येक ट्रे टबात बुडवायचे, ते याचसाठी ना. ओमला मी फक्त मग दाखवला, टब दाखवलाच नाही.

मग टब भरला, रात्री भरून ठेवलेल्या बादल्यांचं पाणी घेतलं, नळाचं नाही, आमची टाकी दिवसभर तापते आणि ते पाणी मुळांवर घालणं म्हणजे त्यांना शिजवणंच. ट्रे मातीच्या वर दोन बोटं पाणी येईल असा हळूच सोडला. आणि बुडबुडे सुरू झाले. आधी कडेने भराभर, मग बुंध्याजवळून एकेक, एकेक. मी तिथेच पाटावर बसून राहिले, पंधरा मिनिटं तरी येत होते. किती तहानलेला होता, आणि चार दिवस त्याच्या अंगावरून पाणी जात होतं. त्या बुडबुड्यांकडे बघताना मला वडाचं नाही, ओमचं वाईट वाटत होतं.

वडाचं आता फारसं भय वाटत नाही. पानं गळून पडलीत हे चांगलं लक्षण आहे, कारण पान गळायला फांदी जिवंत असावी लागते, झाड स्वतःच देठ सोडून देतं, पानांतून उडणारं पाणी वाचवायला. पान वाळून फांदीलाच चिकटून राहिलं असतं तर ती फांदी गेली समजायची. तशी एकच निघाली, डाव्या बाजूची, करंगळीएवढी. बाकी फांद्यांना नखाने जरासं खरवडलं तर खाली हिरवं आहे आणि पांढरा चीक लगेच आला. आता तो पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत, ग्रीन नेटखाली आहे आणि ट्रेभोवती ओलं पोतं गुंडाळलंय. खत अजिबात नाही. पाणीही रोज नाही, पानंच नाहीत तर तो पिणार किती, या वेळी प्रेमाने ओतत राहिलं तर मुळं कुजतात. रोज काडी घालून बघायची आणि ओली निघाली तर गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला जमत नाही, आज तीनदा वर जाऊन आले.

२०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ वर गेला होता तेव्हा अण्णांनी सगळे ट्रे न्हाणीघरात आणून ठेवले होते, आठवडाभर आम्ही कोपऱ्यात उभं राहून आंघोळी केल्या. तेव्हाही याने निम्मी पानं टाकली होती, आणि पावसाच्या आधी परत भरला होता. वटपौर्णिमेला समोरच्या आजी यालाच सूत गुंडाळायला येतात, झाडाची फांदी तोडून पूजा करणं त्यांना पटत नाही. तोवर पानं आली तर आली. नाही आली तर उघड्या वडाला सूत गुंडाळतील, त्या काही म्हणायच्या नाहीत.

पण ओम. संध्याकाळी गेले होते खाली, तो क्रिकेटला गेला होता. त्याच्या आईने चहा विचारला, नेहमीसारखंच बोलली, वडाचं काही काढलं नाही, मीही काढलं नाही. तिच्याशी नाही बोलायचं मला, त्याच्याशीच बोलायचंय, आणि तिच्यासमोर बोलायचंय, कारण खरं सांग असं मी तिच्यासमोरच म्हटलं होतं, तेही दोनदा. नववीतलं पोर, सुट्टीत पहाटे सहाला उठून दुसऱ्याच्या गच्चीवर पाणी टाकायला जात होतं.

किल्ली फ्रिजवर आहे, दोरा तसाच आहे. उद्या साडेसहाला तो दूध आणायला निघतो, तेव्हा जिन्यात गाठते. बादल्या भरून घेते आता, टाकीचं पाणी अजून कोमटच आहे, सकाळपर्यंत निवेल.