वाट चुकते ती पायथ्याशीच

डोंगरात वाट चुकते म्हणजे वर कुठेतरी दाट रानात किंवा धुक्यात, असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मुंबईच्या उपनगरांना खेटून असलेल्या माथेरानच्या डोंगररांगेत मी जेवढ्या वेळा चुकलो, तेवढ्या वेळा पायथ्याशीच. गेल्या ऑक्टोबरातही तसंच झालं.

आम्ही तिघं डोंबिवलीहून पहाटेच्या कर्जत लोकलने निघालो आणि नेरळच्या पुढच्या स्टेशनावर, भिवपुरी रोडला उतरलो. बेत होता गार्बेटचं पठार आणि तिथून माथेरान. फलाटावरून पश्चिमेला पाहिलं की अख्खा डोंगर समोर उभा असतो. इतका समोर की वाट विचारायची लाज वाटावी. सरळ नाकासमोर चालायचं, त्यात काय विचारायचं?

नेमकं हेच नडलं. दहा वर्षांपूर्वी मी ज्या पायवाटेने गेलो होतो, तिच्यावर आता सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. पलीकडे रंगवलेली कमान, आत चार नारळ आणि ‘खाजगी मालमत्ता’ची पाटी. तारेच्या कडेकडेने निघालो तर भातखाचरात उतरलो. भात कापणीला आलेला, त्यामुळे बांध सोडून पाय टाकायची सोय नाही. एक बांध दुसऱ्या बांधाला मिळतो, तो तिसऱ्याला, आणि पंधरा मिनिटांनी आपण पुन्हा त्याच कमानीसमोर! मोबाइलवरच्या नकाशात निळी रेघ मात्र ऐटीत कुंपणातून आरपार जात होती.

शेवटी डिकसळ गावातून फिरून पाली-भूतिवलीच्या धरणाच्या भिंतीवर आलो. धरण भरलेलं, पाण्यात डोंगर उलटा पडलेला. तिथे दहा मिनिटं बसायचं ठरवून अर्धा तास बसलो, आणि त्याची किंमत पुढे उन्हात मोजली.

कारण ही वाट डोंगराच्या पूर्वेच्या अंगाने चढते. म्हणजे सकाळभर सूर्य थेट पाठीवर. पावसाळा संपला की ऑक्टोबरातलं ऊन दमट आणि चिवट असतं; त्यात कमरेएवढं वाळत चाललेलं गवत वारा अडवतं. दुपारनंतर याच बाजूला सावली येते, पण तोवर तुम्ही वर पोहोचलेले असता. उजाडताना चढाला लागायचं, नाहीतर पाणी दुप्पट घ्यायचं. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं. माणशी दोन लिटर कमी पडलं. तीन हवं होतं.

सागाच्या वाडीपुढे दुसऱ्यांदा चुकलो. समोर चांगल्या रुंद, मळलेल्या तीन वाटा. आम्ही सगळ्यात रुंद वाट धरली. मोळी घेऊन उतरणाऱ्या एका मावशींनी लांबूनच हाक मारली, “ओ दादा, ती ढोरवाट हाय!” त्या थांबल्या, मोळी डोक्यावर तशीच, आणि हनुवटीने दाखवलं, “ती सोंड धरा. सोडू नका, बस.” गुरं चरायला जातात, माथ्यावर जात नाहीत. म्हणून त्यांची वाट आडवी पसरते आणि कारवीत विरून जाते. वर नेणारी वाट बहुतेक वेळा त्या तिघींतली सगळ्यात बारीक असते.

एकदा सोंडेवर लागलो आणि वाटेचा प्रश्नच मिटला. दोन्ही बाजूंना दरी, मधे धार. चुकणार तरी कुठे? घसाऱ्याचा एक टप्पा आहे, तिथे हात टेकावे लागले. बाकी नुसता दम काढणारा चढ. सह्याद्रीचा हा जिनाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. मऊ थर झिजून उतार झाला, घट्ट थराचा कडा राहिला, आणि दोन कड्यांच्या मधे पदर सुटला. गार्बेटचं पठार हा असाच एक पदर. चढून दमलेल्याला अचानक सपाटी सापडते ती त्यामुळे.

पठारावर सोनकीची फुलं अजून शिल्लक होती, तेरडा सरला होता. खाली आम्ही चुकलो ती सगळी खाचरं, धरण, कमान एका नजरेत दिसत होती. वरून पाहिलं तर कुंपणाला वळसा घालून जाणारी वाट स्वच्छ दिसते, अगदी पांढरी रेघ! पलीकडे उल्हास नदीचं खोरं, काडेपेटीएवढी लोकल आणि क्षितिजावर भीमाशंकरची रांग.

तिथून गार्बेट पॉइंटपर्यंत झाडीतली वाट. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने वन ट्री हिलवरून माथेरानला चढला आणि या डोंगराचं नशीब पालटलं. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वेगाडीही आली. पण माथेरान खरं सुरू होतं ते पायाखाली. काळा कातळ संपतो आणि तांबडी जांभ्याची माती लागते. वर मोटारींना बंदी असल्याने ती धूळ उडते घोड्यांच्या टापांनी.

बाजारात लिंबू सरबताचे तीन-तीन ग्लास रिचवले. मोटारी जिथवर येतात त्या दस्तुरीहून टॅक्सीने नेरळ गाठलं. फलाटावर बूट झटकले तर वर तांबडी धूळ, तिच्याखाली खाचरातला काळा चिखल. चिखलाचा थर जास्त जाड होता.