जहाजावरची पहाटेची कॉफी

वास्को, डिसेंबर. शुक्रवार, रात्र.

गोव्यात क्रूझ म्हटलं की आधी मांडवीवरची संध्याकाळची बोट डोळ्यांसमोर येते. गाणी, नाच, आणि तासाभरात परत पणजीच्या जेटीवर. ही नोंद तिची नव्हे. मुंबईहून रात्रभर चालत येऊन सकाळी मुरगाव बंदराला लागणारी, किंवा इथून कोची-लक्षद्वीपकडे निघणारी मोठी जहाजं असतात, त्यांच्यावर पहाटे साडेपाच ते सात या वेळात बरी कॉफी कशी पदरात पडते, एवढंच लिहून ठेवायचं आहे. हंगाम ऑक्टोबर ते मे. घरात कोणी ना कोणी दर वर्षी निघतं आणि दर वर्षी हेच विचारतं.

पहिली गोष्ट म्हणजे ही कॉफी आदल्या रात्रीच ठरते. पहाटे उठून शोधायला निघालात तर जे मिळेल ते प्यायचं.

सामानात काय चालत नाही ते आधी. पाण्यात बुडवायची कॉईल, केटल, विजेचा कॉफीमेकर, शेगडी, इस्त्री यांतलं काहीही चालत नाही. चढताना बॅगा मशिनमधून जातात तेव्हाच या वस्तू काढून घेतात आणि उतरताना परत देतात. उगाच हुज्जत घालू नये. भर समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नसतो आणि तापणारी तार हे केबिनमधल्या आगीचं सोपं निमित्त. काही जहाजांवर केबिनमध्येच केटल ठेवलेली असते, तेव्हा बुकिंग करताना विचारून घ्यावं. ज्याला वीज लागत नाही ते मात्र न्यायला हरकत नसते: स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर (एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं), थर्मास, मलमलचा तुकडा, झाकणाचा स्टीलचा पेला. काचेचा फ्रेंच प्रेस (दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं) नको, एका लाटेत जातो.

आता जहाजावर जे आयतं मिळतं त्याबद्दल. बुफेच्या कोपऱ्यात दोन प्रकारची यंत्रं असतात आणि दोन्ही लांबून सारखीच दिसतात. एकात कॉफीचा दाट अर्क भरलेला असतो. बटण दाबलं की तो ठरलेल्या मापात गरम पाण्यात मिसळून येतो. हजारभर लोकांना पाच मिनिटांत कॉफी द्यायची तर जहाजाला हे सोयीचं, पण पहिला कप आणि शेवटचा कप चवीला एकच, म्हणजे दोन्ही तितकेच बेचव. 'स्ट्राँग' असं बटण असेल तर तेच दाबावं. नसेल तर लहान कपाचं बटण दाबावं आणि वरून पाणी अजिबात घालू नये. बरोबर नेलेली अर्धा चमचा इन्स्टंट त्यात ढवळली तर निदान अंगात जीव येतो. सोवळ्याने कॉफी पिणारे नाकं मुरडतील. मुरडोत.

दुसऱ्या प्रकारात खरी पूड गाळून कॉफी मोठ्या भांड्यात उतरवलेली असते. इथे सगळं वेळेवर अवलंबून. लीटरला साधारण ५५ ग्रॅम पूड आणि ९० ते ९६ अंशांचं पाणी असेल तर कॉफी चांगलीच उतरते. ती बिघडते ठेवून ठेवून. तापत्या प्लेटवरची कॉफी वीस मिनिटांनी कडवटायला लागते आणि तासाभराने आंबट-कडू होते, कारण तिच्यातली क्लोरोजेनिक आम्लं फुटून क्विनिक आम्ल तयार होत राहतं. मध्यरात्रीच्या पाळीने भरलेलं भांडं पहाटे पाचला तसंच उभं असतं. वास घेतला की कळतं: ताजी कॉफी भाजलेल्या दाण्यासारखी वास मारते, शिळी ओल्या राखेसारखी. बंद थर्मासच्या पंपातली तासभर तरी बरी राहते, म्हणून प्लेटवरच्या काचेच्या भांड्यापेक्षा पंप निवडावा.

नवं भांडं कधी लागतं ते विचारायला लाजू नये. गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर आहेत, गावोगावी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, सापडतो, आणि भटारखान्यात तर हमखास. "नवी काफी केन्ना जातली?" एवढं कोंकणीत विचारलं तरी बहुतेक वेळा उत्तराबरोबर कपही मिळतो. आदल्या संध्याकाळी विचारून ठेवलं तर आणखी चांगलं.

खोलीवर मागवायची असेल तर दारावर टांगायचं कार्ड रात्रीच भरून टांगतात. त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने असतात. मुरगावच्या खाडीत जहाज शिरताना हातात कप हवा असेल तर पोहोचण्याच्या वेळेआधी एक तासाचा रकाना भरावा, कारण अगदी ऐन वेळेचा रकाना सगळेच भरतात आणि ट्रे उशिरा येतो. "कॉफी थर्मासमध्ये, दूध गरम आणि वेगळं" असं हाताने लिहावं. न लिहिल्यास थंड दुधाचा छोटा जग येतो आणि तो ओतला की कॉफी कोमट.

पैसे देऊन मिळणारी एस्प्रेसो हा सर्वांत बिनघोर मार्ग. त्यातही एक अडचण: तो काउंटर अनेक जहाजांवर साडेसहा-सातशिवाय उघडत नाही आणि उघडला की किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांची रांग लागते. पहिल्या पाच मिनिटांत पोहोचावं. मात्र यंत्र नुकतंच सुरू झालेलं असेल तर पहिले एक-दोन घाणे दुसऱ्यांना घेऊ द्यावेत, कारण धातू पुरता तापलेला नसला की कॉफी पातळ आणि आंबट येते. साधारण १८ ग्रॅम पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी उतरते. दहा सेकंदांत फिकट धार वाहून गेली तर दुसरी करून मागावी, मिळते. काळी कॉफी पिणाऱ्याने डबल शॉटमध्ये गरम पाणी घालून घ्यावं. बुफेतल्या कुठल्याही भांड्यापेक्षा ते सरस.

आता फिल्टर. माझ्या मते सगळ्यांत खात्रीचा हाच.

लागतं फक्त गरम पाणी, आणि ते चहाच्या नळाला चोवीस तास असतं. पण त्या नळाचं पाणी बहुधा ऐंशी-पंच्याऐंशी अंशांचंच येतं आणि थंड स्टीलमध्ये पडलं की आणखी उतरतं. म्हणून फिल्टरची दोन्ही भांडी आणि थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचे. नळाखाली आपली बाटली थेट लावू नये. पोटाचे साथीचे आजार पसरू नयेत म्हणून जहाजावर तशी मनाईच असते. स्वच्छ कपात पाणी घ्यायचं आणि तो कप थर्मासमध्ये ओतायचा. एकाच तोटीतून कॉफीही येत असेल तर पहिला अर्धा कप टाकून द्यावा, त्यात कॉफीचा वास असतो.

दोन कपांसाठी २० ग्रॅम पूड, म्हणजे मोठे चार चमचे सपाट. वरच्या भांड्यात पसरायची, दांड्याच्या चकतीने हलकंच दाबायचं. जोर केला तर पाणी वरच अडतं आणि सकाळपर्यंत थेंब पडत नाही. मग आधी ३० मिली पाणी चकतीवरून गोल फिरवून घालायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग उरलेलं ९०. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून १२० मिली घातलं की खाली ८० मिलीच्या आसपास डिकॉक्शन, म्हणजे दाट काढा, मिळतं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. अडलंच तर झाकण उचलून चकती जराशी सैल करायची, अडकलेली हवा सुटते. जहाज हलतं, तेव्हा फिल्टर मोकळ्या टेबलावर न ठेवता बर्फाच्या बादलीत उभा करून न्हाणीघराच्या ओट्यावर ठेवावा. सांडली तरी गालिच्यावर नाही.

कपाला ४० मिली डिकॉक्शन आणि ११० मिली गरम दूध. दुधात पिणाऱ्यांसाठी ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) उत्तम, काळ्यासाठी चिकोरी नकोच. पाकिटामागचे आकडे वाचून घ्यावेत: आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी एवढीच कायद्याची अट आहे, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी असलेली पूडही उजळ माथ्याने विकली जाते. दाणे घेऊन दळून आणायचे असतील तर मॉन्सून्ड मलबार पाहावी. ती पुडी जहाजावर नेण्यात गंमतही आहे. पूर्वी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून युरोपला जाणारे दाणे महिनोन्‌महिने दमट हवा पिऊन फुगत, पिवळे पडत, आणि तीच चव तिकडे आवडू लागली. प्रवास छोटा झाला तेव्हा ती चव परत आणायला किनाऱ्यावरच्या गोदामांत दाणे पावसाळी वाऱ्यात पसरायला लागले. आंबटपणा अगदी कमी, त्यामुळे रिकाम्या पोटी सोसते. पूड मात्र वीस-वीस ग्रॅमच्या घट्ट बंद पुड्यांत न्यावी. समुद्रावर एकदा उघडलेला डबा दोन दिवसांत ओलावा धरतो.

पहाटे उठून फिल्टर लावायचा कंटाळा असेल तर थंड पाण्याची कॉफी. संध्याकाळी सहाला ५० ग्रॅम जाड दळलेली पूड आणि ४०० मिली बाटलीबंद पाणी एकत्र करून केबिनच्या फ्रिजमध्ये, सकाळी सहाला मलमलमधून गाळायची. तीनशे मिलीच्या आसपास दाट अर्क निघतो, तो निम्मा आणि तितकंच गरम पाणी. बाटलीबंद पाणी एवढ्यासाठी की जहाजाचं पिण्याचं पाणी बहुधा समुद्राचं खारं काढून केलेलं असतं आणि त्यात क्लोरीन घालावंच लागतं. बारा तासांच्या मुरवणीत तो वास बसतो. केबिनचा फ्रिज बऱ्याचदा नुसता गारवा देतो, त्यात दूध ठेवू नये. आणि आतल्या विकतच्या बाटल्या हलवण्याआधी विचारावं, काही फ्रिज उचललेल्या बाटलीचं बिल आपोआप लावतात.

शनिवार, सकाळ. राहिलेलं.

दुधाचं लिहिताना जायफळ विसरलं. फोंड्याकडच्या कुळागरांत (सुपारीच्या बागांत) पिकणारं एक जायफळ सामानात टाकावं; सुपारीएवढं तर असतं. कपाच्या कडेवर दोनदा घासलं की डब्यातल्या दुधाचा शिजका वास झाकतो. इन्स्टंटवाल्यांनी दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर आणि चमचाभर पाणी एकत्र करून पाच मिनिटं पांढुरकं होईपर्यंत फेटावं. केबिनमध्ये बसून होतं, वीज लागत नाही, आणि बुफेतलं साधं गरम दूध त्यावर ओतलं की घरची कॉफी.

समुद्र खवळलेला असेल तर काळी कॉफी रिकाम्या पोटी नको. रात्रीच्या टेबलावरचा पाव किंवा बरोबर नेलेली पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) आधी खावी. पेला पाऊण भरावा, झाकण लावावं. उघड्या डेकवर वाऱ्यात पाच-सात मिनिटांत कॉफी गार होते.

कुठे उभं राहायचं तेही. मुंबईहून येताना किनारा आणि उगवती दोन्ही डाव्या हाताला, कोचीहून परतताना उजव्या. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास वर येतो, मे महिन्यात सहाला, म्हणजे उगवती पाहायची तर मे महिन्यात कार्डावरचा रकानाही तासभर अलीकडचा. मुंबईहून येताना आधी १६१२चा आग्वादचा किल्ला दिसतो, मग दोनापावलाचं काबो, म्हणजे समुद्रात घुसलेलं टोक, आणि जहाज वळून झुवारीच्या तोंडाशी येतं तेव्हा मुरगावचं टोक. पायलटची, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याची, होडी जहाजाला लागली की धक्क्याला लागायला फार वेळ उरत नाही. दुसरा कप भरायचा तर तेव्हाच भरावा, कारण त्यानंतर उतरणाऱ्यांची गर्दी बुफेकडे वळते.