बॉबी बोनियाची पेन्शन

२०२५च्या ऑगस्टमध्ये ताईकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो, तर भाच्याने मेट्सच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाच्या, मॅचची तिकिटं काढूनच ठेवली होती. क्वीन्समध्ये सात नंबरच्या गाडीतून उतरलो. पुढे चाललेल्या निम्म्या पाठींवर एकच नाव: सोटो.

सिटी फील्ड या त्यांच्या स्टेडियममध्ये आमच्या जागा पार वर, कौलांवर बसल्यासारख्या. शेजारच्या लाग्वार्डिया विमानतळाची विमानं इतकी खालून जायची की भाच्याचं बोलणं मध्येच तुटायचं. बोलणं बहुतेक पैशांचंच.

"मामा, तो सोटो, राइट फील्डला, मैदानाच्या उजव्या टोकाला उभा आहे ना? १५ वर्षं, ७६ कोटी ५० लाख डॉलर." मी सवयीने रुपयांत गुणाकार करायला घेतला आणि सोडून दिला. दुखापत होऊन घरी बसला तरी? तरी. याच सोटोने २०२२ मध्ये तेव्हाच्या संघाचे, वॉशिंग्टनचे ४४ कोटी डॉलर नाकारले होते. तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण हा भाव यायला आधी कळ सोसावी लागते. मोठ्या लीगमधली पहिली सहा वर्षं खेळाडू संघाला बांधलेला. त्यातली साधारण तीन वर्षं संघ देईल तो पगार, २०२५ मध्ये किमान ७ लाख ६० हजार डॉलर. पुढे आकड्यावरून फाटलं तर लवाद. तोही दोघांच्या आकड्यांपैकी एकच उचलतो, मधला काढत नाही. सहा वर्षं भरली की मोकळा. गंमत अशी, की इथलं वर्ष १७२ दिवसांचं. म्हणून एखाद्या गुणी पोराला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे खालच्या लीगमध्येच ठेवतात. वर्ष भरत नाही, तो आणखी एक सीझन हाताशी राहतो. आपल्याकडे २४० दिवस भरू नयेत म्हणून हंगामी कामगाराला ब्रेक देतात, त्याचीच ही सख्खी बहीण!

मला मात्र आवडला मेट्सचा जुना खेळाडू बॉबी बोनिया. मेट्सने त्याला २००० मध्ये सोडलं तेव्हा ५९ लाख डॉलर देणं होतं. तो म्हणाला, आत्ता नको, ८ टक्के व्याजाने नंतर द्या. २००१ नंतर तो खेळलेला नाही. पण २०११ पासून दर १ जुलैला ११,९३,२४८ डॉलर घेतोय, थेट २०३५ पर्यंत. तेव्हा तो ७२ वर्षांचा असेल.

परतीच्या गाडीत भाच्याने विचारलं, "मामा, तुझ्या पीपीएफला किती मिळतात?"

"७.१."

तो काही बोलला नाही. खिडकीबाहेर बघत बसला.