कॅम्परची आपत्कालीन तयारी: गाडी हलत नसतानाची

माझ्या कॅम्परचं, म्हणजे आत राहण्याजोगी केलेल्या गाडीचं, आतलं लाकूडकाम, पलंग आणि ओटा उरकल्यापासून मी एकाच प्रश्नामागे लागलोय. इंजिन बंद पडलं, रस्ता पुढे-मागे दोन्हीकडे तुटला आणि मदत यायला तीन दिवस लागले, तर ही गाडी दोन माणसांना धडधाकट ठेवेल का? ऑफ-रोडवाल्यांच्या गप्पांत भर असतो तो अडकलेली गाडी बाहेर काढण्यावर: विंच (गाडी ओढून काढणारं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी), उंच केलेलं सस्पेन्शन. ते सगळं लागतंच. पण आधी न हलणाऱ्या गाडीची तयारी करावी, असं माझं ठाम मत झालंय. चाकं थांबली तरी छप्पर, पाणी, उजेड आणि ऊब गाडीत असते आणि पायी निघालेल्या माणसापेक्षा उभी गाडी शोधपथकाला लवकर दिसते.

सुरुवात पाण्यापासून केली. पिण्यासाठी आणि जेमतेम स्वच्छतेसाठी माणशी दिवसाला ४ लिटर धरले, म्हणजे दोघांचे तीन दिवसांचे २४ लिटर. मुख्य टाकी याहून बरीच मोठी आहे, तरी हा हिशेब तिच्यावर सोडलेला नाही. ती चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली असते. एखादा दगड उडाला किंवा नळीचा जोड निसटला की सगळं पाणी जमिनीत जिरणार. म्हणून राखीव पाणी वेगळ्या कॅनमध्ये, गाडीच्या आत, मागच्या चाकांच्या थोडं पुढे, रॅचेट पट्ट्यांनी आवळून ठेवलंय. जागेच्या दृष्टीने २० लिटरचे कॅन सोयीचे होते, पण मी १० लिटरचे तीन घेतले. भरलेला मोठा कॅन २० किलोच्या वर जातो. हात दुखावलेल्या माणसाला तो दारातून उतरवणं शक्य नाही, लहान कॅन कसाबसा तरी उतरवता येतो. शिवाय एक फुटला तरी दोन उरतात. कडाक्याच्या थंडीत ते काठोकाठ भरायचे नाहीत, कारण गोठताना पाणी साधारण ९ टक्क्यांनी फुगतं.

ओट्याच्या इलेक्ट्रिक पंपाशेजारी पायाने दाबायचा पंप बसवला. बॅटरी संपली तरी टाकीत असेल ते पाणी वर येतं. बाहेरचं पाणी घ्यावं लागलं तर पोकळ तंतूंचा ०.१ मायक्रॉनचा फिल्टर आहे. जिवाणू आणि प्रोटोझोआ (एकपेशीय परजीवी) त्यात अडकतात, विषाणू मात्र निसटतात. वस्तीच्या खालच्या अंगाने वाहणाऱ्या पाण्यासाठी मी उकळण्यावरच विसंबणार आहे: खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट, २,००० मीटरच्या वर असलो तर ३ मिनिटं. फिल्टरची एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. एकदा वापरलेला फिल्टर गोठला तर आतले तंतू चिरतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. थंडीच्या रात्री तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये जवळ घेऊन झोपायचं.

वीज १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर आहे, म्हणजे १२.८ व्होल्टला १,२८० वॉट-तास. सगळ्यात खादाड फ्रिज, म्हणून वायरिंगचे दोन भाग केले. फ्रिज आणि इन्व्हर्टर एका स्विचवर; दिवे, पंखा, अलार्म आणि फोनचं चार्जिंग दुसऱ्यावर. अडकलो की पहिला स्विच लगेच बंद करायचा, मग हीटर सोडला तर उरलेला भार इतका किरकोळ राहतो की तीन दिवस आरामात निघतात. ० अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून ती पलंगाखाली उबेत ठेवली आणि तिच्या पॉझिटिव्हला अगदी लागूनच मुख्य फ्यूज दिला. डिझेल हीटर मात्र कुठल्याच स्विचमागे ठेवला नाही. चालू हीटरची वीज एकदम तोडली तर पंखा थांबतो आणि हीटर तापलेल्या अवस्थेत तसाच राहतो. त्याला थंड व्हायला वेळ द्यावाच लागतो. सुरू होताना इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगसाठी काही मिनिटं तो ८ ते १० अँपिअर ओढतो, नंतर एक-दोनवर येतो. त्यामुळे वारंवार चालू-बंद करण्यापेक्षा मंद आचेवर सलग चालवणं बॅटरीला परवडतं.

आता हवा. या भागाकडे मी सगळ्यात जास्त लक्ष दिलं आणि तुम्हीही द्यावं ही विनंती. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. त्याचा अलार्म झोपताना डोकं जिथे असतं त्याच्या जवळ लावलाय. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, त्यामुळे त्याचा डिटेक्टर जमिनीलगत. सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण सीलबंद, फक्त त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक. अलार्मच्या सेन्सरलाही वयोमर्यादा असते. मागे छापलेली तारीख बघून बदलायची वेळ दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलीये. शेगडी ऊब मिळवण्यासाठी कधीही पेटवायची नाही. बर्फात किंवा चिखलात रुतलेली असताना इंजिन चालू करायचं झालं तर आधी उतरून एक्झॉस्टच्या पाइपाचं तोंड मोकळं करायचं. तिथे अडलेला धूर गाडीखाली साचतो आणि फटींमधून आत शिरतो.

यानंतर गाडी आडवी पडली असं धरून आत बसून पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटवर पट्टा बांधलेला, अंधार, सरकतं दार जमिनीच्या बाजूला. हाताला काय लागतं? बेल्ट कटर, टॉर्च आणि अग्निशामक या तिन्ही गोष्टी तिथून हात पोहोचेल अशा जागी पक्क्या ब्रॅकेटमध्ये बसवल्या. दुसरा अग्निशामक मागच्या दाराजवळ, बाहेरूनही घेता येईल असा. काच फोडायच्या हातोडीवर फार विसंबू नका. ती टेम्पर्ड (फुटल्यावर बारीक तुकडे होणाऱ्या) काचेवर चालते, लॅमिनेटेडवर (मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या काचेवर) नाही, आणि विंडस्क्रीन लॅमिनेटेडच असते. कॅम्परच्या खिडक्या बहुधा अ‍ॅक्रिलिकच्या असतात, तिथेही हातोडीचा उपयोग नाही, त्या खिटी काढूनच उघडायच्या. छतावरच्या ४० बाय ४० सेंटिमीटरच्या झरोक्यातून जाड कपड्यांतला माणूस निघणं कठीण, म्हणून तिथे ७० बाय ५० चा बसवला. वरच्या कप्प्यांना चुंबकाऐवजी दाबून उघडायच्या खिट्या लावल्या.

गाडी सोडावीच लागली, आग किंवा चढतं पाणी असेल, तर दाराशी टांगलेली एक बॅग उचलायची. तिच्यात हेडलॅम्प, शिट्टी, आरसा, धातूचा पेला, काडेपेटी, फॉइलचं ब्लँकेट, रेनकोट, टूर्निके (रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा) आणि प्रेशर बँडेज. ४०६ मेगाहर्ट्‌झचा पर्सनल लोकेटर बीकन या बॅगेत ठेवला नाही, तो कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. आगीत बॅग मागे राहू शकते. हा बीकन कोस्पास-सारसॅट या शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांना संकेत देतो. घेतल्यावर नोंदणी केलीच पाहिजे, नाहीतर संकेत नेमका कुणाचा हे शोधण्यात वेळ जातो. उपग्रह उपकरणांना काही देशांत परवानगीशिवाय बंदी आहे, तेव्हा सीमा ओलांडण्याआधी नियम पाहा. उपकरणं निकामी झाली तर शिट्टी आहेच: मिनिटात ६ वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा ६.

रिकव्हरीचं, म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायचं सामान घेऊन झालंय. कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, सॉफ्ट शेकल (दोराची कडी), ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या), फावडं, कॉम्प्रेसर, पंक्चर किट. यावर आपल्यातल्या अनेकांचा माझ्यापेक्षा जास्त हात बसलाय. फक्त एवढंच, टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर कधीही अडकवू नका. तो बॉल तुटला की गोळीसारखा सुटतो आणि माणसं दगावतात. चेसिसला बोल्ट केलेले रेटेड (किती भार पेलतात ते ठरवून दिलेले) पॉइंटच वापरा.

सगळं सामान, पाणी, इंधन आणि दोन माणसं भरून वजनकाट्यावर जायचं अजून बाकी आहे, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा. माझ्या अंदाजाने मागचा अ‍ॅक्सल मर्यादेच्या जवळ असणार. स्टेपनी तूर्त छतावर आहे. तिथून ती उतरली तर गुरुत्वमध्य खाली येईल, पण मागच्या दारावर लावली तर एकतर मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार वाढेल आणि गाडी आडवी पडल्यावर तेच बाहेर पडायचं दार जड होईल. चेसिसला बिजागरीने जोडलेली स्वतंत्र चौकट करावी, जी दाराला न अडकता आतूनही खिटी ओढून मोकळी होईल, असं डोक्यात आहे. खिटीची तार दाराच्या पत्र्यातून आत कशी घ्यायची ते ठरत नाहीये, कारण तिथून धूळ आणि धूर दोन्ही आत येणार. कुणी असं काम केलं असेल तर भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारं कडं) पुरेसं होतं का, ते सांगा.