पाय मोडलेली घरं: शब्दकोडं बनवणाऱ्या प्रोग्रॅमची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत ९×९ ची चौकट भरायला प्रोग्रॅम सोडून मी झोपले होते. आधी त्याचा निकाल सांगते. सकाळी उठले तेव्हा पंख्याचा आवाज अख्ख्या रूममध्ये घुमत होता, लॅपटॉपखालची चादर गरम झाली होती आणि चौकटीत अकरा शब्द भरले होते. बाराव्यासाठी तो रात्रभर मागे-पुढे करत बसला होता. रूममेट म्हणाली, "याला एकदाचं झोपू दे."

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजी कराडला असते आणि पेपर आला की आधी शब्दकोडं उघडते. पेपर नाही आला त्या दिवशी तिचं काय होतं ते बघून मी सुट्टीत म्हटलं, "तुला रोज एक नवं कोडं छापून देईन." म्हणायला काय जातं. शब्दांची यादी घ्यायची, चौकटीत बसवायचे, दोन रविवारचं काम. त्याला आता पाचवा महिना लागलाय.

पहिला कागद हातात घेऊन आजी जे बोलली ते पहिल्या नोंदीत लिहिलंच होतं, पण ते सोडून पुढे जाता येत नाही. चौकटीचं उत्तर तपासायला दिलं, तर तिने चष्मा वर केला. "अगं, ही टिंबाटिंबांची वर्तुळं कसली? आणि इथे कोणाचे पाय मोडून ठेवलेस?"

झालं होतं असं. वर्गात आम्ही शिकलो की स्ट्रिंग म्हणजे कॅरेक्टरांची रांग, आणि उदाहरण कायम 'हॅलो'. पायथॉनला (मी प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिते तिला) 'स्त्री'ची लांबी विचारा, उत्तर येतं ६. स, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. प्रत्येकाचा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या सामाईक यादीत, स्वतंत्र क्रमांक. फाइलमध्ये यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलं की प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १८ बाइट. आणि आजीच्या कोड्यात? एक घर. 'क्षत्रिय' तर प्रोग्रॅमने आठ घरांत पसरला होता, आजीने बोटावर मोजला: क्ष, त्रि, य. तीन. हलन्त एकटा घरात बसवला की फॉन्ट त्याला टेकायला ते टिंबांचं वर्तुळ काढून देतो. मी ते बग म्हणून पाहत होते, आजीला तो कुणाचातरी मोडलेला पाय दिसला.

मग अक्षर तोडायचा नियम स्वतः लिहिला. व्यंजन घ्या, पुढे हलन्त आणि पुन्हा व्यंजन असेल तर जोडत राहा, मग असेल तर काना-मात्रा-वेलांटी-उकार, मग असेल तर अनुस्वार किंवा विसर्ग. स्वराने सुरुवात असेल तर स्वर आणि त्याचा अनुस्वार. तेवढंच. शाळेत पहिलीत शिकवतात त्याहून जास्त काही नाही, फक्त ते रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या सांकेतिक भाषेत) लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. त्यातली एक गेली ती 'डब्ल्यू'च्या भरवशावर. शब्द ओळखायला सगळे तिथलं 'बॅकस्लॅश डब्ल्यू' हे चिन्ह वापरतात. पायथॉनच्या नेहमीच्या आरई मोड्यूलमध्ये ते 'मराठी'वर चालवून बघा. उत्तर येतं 'मर' आणि 'ठ'. काना आणि वेलांटी त्याच्या लेखी अक्षरच नाहीत, त्यामुळे तिथे शब्द तुटतो. विकिपीडियावरून काढलेल्या माझ्या पहिल्या यादीत 'मर' शेकड्याने का आहे हे मला तीन दिवस कळलं नव्हतं. मला वाटलं, विकिपीडियावर फारच हिंसक लेख आहेत.

आता या वेळची प्रगती.

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोग्रॅम दाखवायचा होता. घाईत मी स्वतःचा नियम काढून अक्षरं तोडणारी एक तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) लावली, कारण सगळे म्हणतात चाक पुन्हा शोधू नये. माझ्या लॅपटॉपवर 'क्षत्रिय' तीन घरांत. लॅबच्या मशीनवर पाच: क्, ष, त्, रि, य. तोच कोड, तीच फाइल. सर मागे उभे. मी पेनड्राइव्ह दोनदा काढून घातला, जणू त्याने फरक पडणार होता.

कारण रात्री सापडलं. युनिकोडच्या अक्षर तोडण्याच्या सर्वसाधारण नियमात हलन्तानंतर तोडायला मुभा होती. देवनागरी आणि आणखी काही भारतीय लिप्यांमधली जोडाक्षरं अखंड ठेवायचा नियम २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. लॅबमधली लायब्ररी त्याच्या आधीची. म्हणजे आजीला शाळेपासून माहीत असलेली गोष्ट माझ्या लॅपटॉपला माझ्या कॉलेजप्रवेशाच्या आसपास कळली, आणि लॅबला अजून कळायचीय. तयार लायब्ररी काढून माझाच नियम परत लावला.

शब्दांच्या यादीवर मात्र अजून समाधान नाही. विकिपीडियाच्या डंपमधून (सगळ्या लेखांच्या एकत्र फाइलमधून) काढलेल्या यादीत 'घरासमोरच्या', 'मुंबईतल्याच' असली मंडळी भरलेली. आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय चिकटतात तसे चिकटतात, आणि कोड्यात तर मूळ शब्द हवा. म्हणून मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाकडे वळले; १८५७ ची दुसरी आवृत्ती टाइप केलेल्या रूपात नेटवर शोधता येते. तिथे मूळ शब्द भरपूर, पण वळण जुनं: 'पांच', 'घांस'. न उच्चारले जाणारे हे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. मी ते काढून टाकायचा फिल्टर लिहीत होते तर आजी म्हणाली, "आमच्या शाळेत नाही दिला तर मास्तर छडी द्यायचे." फिल्टर सरळ लिहिता येत नाही. 'घांस'वरचं टिंब काढायचं, 'अंगण'वरचं ठेवायचं, आणि कुठलं उच्चारलं जातं हे यंत्राला ऐकू येत नाही. सध्या अशी हजारभर रूपं मी हाताने बघतेय, एसटीत बसून, स्वारगेट ते कराड.

एकाच शब्दाची तीन सोंगं हा वेगळाच ताप. 'ॲप' घ्या. कुणी ॲ हे एकच अक्षर टाइप करतो (युनिकोडमध्ये ते २००८ ला आलं), कुणी अ वर अर्धचंद्र देतो, कुणी ए वर देऊन ऍ करतो. पहिली दोन पडद्यावर बहुतेक फॉन्टमध्ये हुबेहूब, पण प्रोग्रॅमला तीन वेगळे शब्द. युनिकोडचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची सोय) चालवलं तरी ही तिन्ही एक होत नाहीत, हे करून बघितल्याशिवाय माझा विश्वास बसला नव्हता. तीन ओळींचा तक्ता हाताने लिहिला.

आणि मग ऱ्या.

'दऱ्या'मधला तो झुलता र दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक, नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ, हलन्त, य. दुसरी, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक म्हणून एक अदृश्य चिन्ह, मग य. दिसायला एकच, जुळवायला गेलं की वेगळे. मी एआयला विचारलं. त्याने आत्मविश्वासाने सुचवलं की अदृश्य चिन्हं काढून टाक आणि नुक्ता पण उडव. चालवलं. सगळे 'ऱ्या' छान एकमेकांशी जुळले. मी चहा प्यायले.

शनिवारी नवी चौकट घेऊन घरी गेले. आजी ओट्याजवळ पाटावर बसून सोडवत होती, पेन्सिल कानामागे. अर्ध्या तासाने हाक आली. आडवा शब्द, सूचना 'डोंगरांमधल्या खोल जागा', दोन घरं. उभा शब्द, 'दुसरा मार्ग', तीन घरं. दोघांचं दुसरं घर एकच.

"आडवा दऱ्या," ती म्हणाली. "उभा पर्याय. बरोबर?"

"बरोबर."

"मग या घरात काय लिहू? दऱ्यातला ऱ्या की पर्यायातला र्या?"

मला एक क्षण प्रश्नच कळला नाही. मग कळला. मी नुक्ता उडवल्यामुळे 'दऱ्या' प्रोग्रॅमच्या पोटात 'दर्या' झाला होता. समुद्र! आणि दर्याचा र्या, पर्यायाचा र्या, दोन्ही रफाराचे, म्हणून त्याने आनंदाने त्यांना एका घरात बसवलं.

"अगं, आचाऱ्यांना आणि आचार्यांना एकच पंगत वाढलीस तू," आजी म्हणाली, आणि त्या घरात तिरकी रेघ मारून वरच्या त्रिकोणात एक, खालच्यात दुसरं लिहिलं. पेन्सिल परत कानामागे.

दुरुस्ती उलट दिशेने केली. अदृश्य चिन्ह जिथे र आणि हलन्तानंतर येतं तिथे ते काढायच्या आधी र चा ऱ करायचा, बाकी ठिकाणी नुसतं काढायचं. नुक्त्याला हात नाही. एवढीच ओळ, पण ती कुठे घालायची हे कळायला आजीची तिरकी रेघ लागली.

राहिला वेगाचा प्रश्न. इंग्रजी कोड्यात एका घरात २६ पैकी एक अक्षर येतं, त्यामुळे छेद, म्हणजे आडवा आणि उभा शब्द मिळतात ती घरं, सहज जुळतात. आपल्याकडे ३४ व्यंजनं गुणिले बाराखडी म्हणजे ४०८, त्यात स्वर आणि जोडाक्षरं वेगळी. प्रत्येक छेदावर अख्खं अक्षर मात्रेसकट जुळायला हवं. मी लबाडी करून बघितली: फक्त व्यंजन जुळवायचं, वेलांटी सोडून द्यायची. आजीने विचारलं, "मग दिन आणि दीन एकच का?" ते तिथेच संपलं.

शेवटी दोन गोष्टींनी फरक पडला. एक, कुठल्या स्थानावर कुठलं अक्षर असलेले शब्द कोणते याची आधीच यादी करून ठेवली, म्हणजे प्रत्येक वेळी सगळा कोश चाळायला नको. दोन याद्यांचा छेद घेतला की झालं. दुसरं, चौकटीतली सर्वांत अडचणीची जागा, जिथे कमीत कमी शब्द बसू शकतात, ती आधी भरायची. आधी मी वरून खाली, डावीकडून उजवीकडे भरत होते, शहाण्या मुलीसारखी. शिवाय काळी घरं वाढवली. पेपरातल्या मराठी कोड्यांत ती इतकी का असतात याचं कोडं मला लहानपणापासून होतं. आता ९×९ ची चौकट माझ्या ८ जीबीच्या सेकंडहँड लॅपटॉपवर बहुतेकदा सहा-सात सेकंदांत भरते. कधीकधी अजून अडकते. मग अर्ध्या मिनिटानंतर तो स्वतः सगळं पुसून नव्याने सुरू करतो.

या सगळ्याचं मी मिनी प्रोजेक्ट करावं असं सरांनी सुचवलं, पण अहवालात 'सामाजिक परिणाम' नावाचं एक पान लागतं. त्यात काय लिहू, आजी?

पुढच्या नोंदीपर्यंतची कामं. सूचना अजून मीच लिहितेय, दर चौकटीमागे तासभर जातो. उत्तरांची यादी अकारविल्हे लावायचीय, पण साधं सॉर्ट ळ ला ल च्या शेजारी बसवतं, आणि आपल्याकडे ळ ह च्या नंतर. आणि आजीने काल फोनवर सांगितलंय की घरं थोडी मोठी काढ, जोडाक्षर आत मावत नाही. मी मिलिमीटरमध्ये विचारलं तर म्हणाली, "'स्त्र्य' बसेल एवढं."