पाय आधी, चेहरा नंतर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी इतिहासाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. नागपुरात प्रदर्शन असो की एखाद्या शाळेतला कार्यक्रम, कोणी ना कोणी विचारतंच: "मॅडम, लोक चित्रात चेहरा बघतात, तलवार बघतात. तुम्ही घोड्याच्या पायांत आणि माणसांच्या जोड्यांत एवढा जीव का घालता?"

एक तर चेहरा बहुतेक वेळा मला ठाऊकच नसतो. भास्करराम कोल्हटकरांबरोबर नागपूरकर भोसल्यांची फौज १७४२ साली बंगालात शिरली. त्या फौजेतल्या साध्या स्वाराचं चित्र कोणी काढून ठेवलेलं नाही. त्याचं नाक, डोळे, मिशा मी मनानेच काढणार. पण तो कसल्या घोड्यावर बसला असेल, त्याचे पाय कुठपर्यंत येत असतील, पायात काही असेल की नाही, याचा माग काढता येतो. ज्याचा माग काढता येतो ते मनाने काढून मोकळं व्हावं, हे मला पटत नाही.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. आपल्या डोळ्यांना सवय झालेला मराठ्यांचा घोडा मराठ्यांचा नाहीच. कॅलेंडरवर, वहीच्या मुखपृष्ठावर, मिरवणुकीच्या फ्लेक्सवर दिसतो तो शर्यतीचा विलायती घोडा: खांद्याशी पाच फुटांच्या वर, लांब मान, तुकतुकीत पुठ्ठे. दख्खनच्या फौजांचा मोठा भार वाहिला तो भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांनी. जेमतेम माणसाच्या छातीला लागेल एवढं जनावर. छाती भरीव, पाय आखूड आणि खूर टणक, मिळेल त्या चाऱ्यावर राहणारं, खडकाळ घाट चढणारं. अशा तट्टावर पुरुष माणूस बसला की त्याची पावलं तट्टाच्या पोटाच्याही खाली येतात. चित्रात ते रुबाबदार दिसत नाही, म्हणून चित्रकार घोडा वाढवतो. सरदारांच्या पागेत अरबी घोडे होतेच, तेही मी काढते, पण सरदारांच्याच खाली. सगळ्या फौजेला मी अरबी घोड्यांवर बसवत नाही.

घोडा वाढवल्याने त्या स्वारांचा मान वाढतो असं लोकांना वाटतं. मला नेमकं उलट वाटतं. नागपुराहून बंगालपर्यंत हजारेक किलोमीटर, मध्ये जंगल, डोंगर, नद्या, आणि खाली एवढंसं तट्टू. त्याच्या जागी विलायती घोडा काढला की त्या माणसाने आणि त्या जनावराने जे केलं ते सोपं होऊन जातं. त्याच फौजेने बंगालात जी लूट केली तिची आठवण तिथल्या अंगाईगीतात अजून आहे, आणि तीही झाकायची नाही. पण कौतुक करायचं असो की जाब विचारायचा असो, माणूस खऱ्या घोड्यावर बसलेला हवा.

घोड्यावरून माणसाची परिस्थितीही कळते. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला सरकारी पागेतला मिळायचा. शिलेदाराचा घोडा मेला की पोटापाण्याचं साधनच गेलं. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र बघा. त्यात लढाईचा आवेश नाही, दाणा-वैरणीची काळजी आहे. आताच सगळं उधळलंत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरायला लागतील. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत ते सांगतात. ज्या राजाला उंदराने नेलेली वात दिसत होती, त्याच्या फौजेचं चित्र काढताना मी घोड्याचे पाय अंदाजाने कसे टाकू?

पाय बघायला मी जुन्या नागपुरातल्या एका नालबंदाकडे जाऊन बसत असे. टांगे गेले तसं त्याचं काम आटलं, पण लग्नसराईत वरातीच्या घोड्या यायच्या. एकजण घोडीचा पाय उचलून धरायचा आणि हा खाली बसून आधी जुना नाल काढायचा, मग वाढलेलं खूर कापायचा, मग कानस फिरवायचा. नवा लोखंडी नाल टेकवून बघायचा, पुन्हा कानस, पुन्हा टेकवणं. खिळा तो सरळ ठोकत नसे, जरा बाहेरच्या अंगाला कलता. खिळ्याचं टोक खुराच्या भिंतीतून बाहेर आलं की ते पिळून तोडायचं आणि उरलेला काटा वाकवून खुराशी सपाट करायचा. मी विचारलं, दुखत नाही का? तो म्हणाला, "ताई, जागेवर बसला तं काही नाही होत. आत गेला तं घोडं लंगडते, बाहेर राहिला तं नाल पडते. जागा एवढीच राहते." आणि त्याने नखाने नखावर जागा दाखवली.

खूर म्हणजे नखच. घोडा चारही पायांवर एकेका बोटाच्या, मधल्या बोटाच्या नखावर उभा असतो. त्याच्या पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट आहे, आणि मागच्या पायाचा उलटा वाकलेला सांधा ही टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ दडलेला. हे एकदा समजलं की मागचा पाय चुकत नाही. शिकाऊ मुलांना मी स्वतःच्या टाचा उचलून चवड्यावर चालायला लावते आणि मगच कागद देते. नालबंदाकडे आणखी एक गोष्ट दिसली: पुढचं खूर गोल असतं, मागचं जरा निमुळतं. जमिनीवर उमटलेल्या टापा काढताना एवढ्यावरून घोडा कुठे निघाला ते दाखवता येतं.

धावत्या घोड्याचं तर जगभरच्या चित्रकारांनी शेकडो वर्षं वेगळंच काढलं. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे, पोट जवळजवळ जमिनीला समांतर. मोगल आणि राजपूत लघुचित्रांत हेच, आणि लूव्र संग्रहालयात असलेल्या जेरिकोच्या १८२१ सालच्या घोडदौडीच्या चित्रातही हेच. मग १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून दौडत्या घोड्याचे फोटो घेतले आणि दिसलं की चारही पाय हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. ताणलेले नसतात. माझं मत असं आहे की लघुचित्रातला ताणलेला घोडा चूक म्हणू नये, कारण तिथे झाडं, डोंगर, माणसं सगळीच त्या शैलीच्या नियमाने चालतात. पण सावल्या फोटोसारख्या, धूळ फोटोसारखी, चेहऱ्यावरचा घाम फोटोसारखा आणि घोडा मात्र उडता, हे आज चालू नये. साध्या चालीत तर नेहमी दोन किंवा तीन पाय जमिनीवर असतात आणि एका बाजूचा मागचा, मग त्याच बाजूचा पुढचा, असा क्रम असतो. समोरासमोरच्या कोपऱ्यातले पाय जोडीने उचलले की ती दुडकी झाली. मिरवणुकीत संथ चालणाऱ्या राजाचा घोडा दुडकीत काढला की वर बसलेल्या राजाला गचके बसायला हवेत.

पुतळ्यांबद्दलही विचारतात, विशेषतः झाशी राणी चौकातून जाताना. घोड्याचे दोन पाय वर म्हणजे स्वार लढाईत पडला, एक वर म्हणजे जखमांनी गेला, चारही खाली म्हणजे नैसर्गिक मृत्यू. हा मोबाइलवर फिरणारा नियम कुठल्याही शिल्पशास्त्रात नाही. शिल्पकारासमोरचा प्रश्न वजनाचा असतो. माद्रिदमधला राजा चौथ्या फिलिपचा, १६४० सालचा पुतळा मागच्या दोन पायांवर उभा आहे. टनावारी ओतीव धातू तोलायला शिल्पकार ताक्काला जड मागची बाजू आणि शेपटीचा आधार, असा सगळा हिशेब मांडावा लागला. पायांत शोधायचं असेल तर हे कसब शोधावं.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती प्राचीन काळाच्या चित्रांत. रिकीब, म्हणजे स्वाराचा पाय टेकवायची कडी, आणि नाल हे घोड्याबरोबर जन्मालाच आले असं आपण धरून चालतो. सिकंदर इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी लढला तेव्हा त्याच्या पायाखाली रिकीब नव्हती आणि त्याच्या घोड्याला खिळ्यांचा नालही नव्हता. त्याच्या आधीच्या पिढीतला ग्रीक झेनोफोन घोड्याचं खूर कडक व्हावं म्हणून तबेल्याबाहेर गोटे पसरायला सांगतो. तेव्हा सिकंदराच्या किंवा अशोकाच्या स्वाराचे पाय मोकळे लोंबते हवेत, मांड्या आवळलेल्या हव्यात. त्याला रिकिबीत उभं राहून भाला फेकताना दाखवलं की हजारभर वर्षांचा फरक पडतो. नालबंद नसला तर काय होतं तेही मार्को पोलोने तेराव्या शतकात तमिळ किनाऱ्याबद्दल लिहून ठेवलंय: समुद्रापलीकडून घोडे आणून विकणारे व्यापारी तिथे नालबंदाला पोचूच देत नसत, कारण घोडे मेले की नवे विकता येतात.

आता माणसांचे जोडे. जुन्या मोजडीला डावं-उजवं नसतं. दोन्ही जोडे एकाच घाटाचे शिवतात आणि वापरून वापरून ते ज्या त्या पायाचे होतात. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही पायांना एकसारखे बूट सर्रास चालत. म्हणून मी नवे जोडे सरळ काढते आणि जुने जोडे पायाच्या वळणाने वाकलेले, अंगठ्याशी फुगलेले, टाचेला एका बाजूने झिजलेले. नाटकाच्या कपडेपटातून आणल्यासारखे कोरे जोडे घालून सगळी फौज उभी असली की मला तिच्यात एकही माणूस दिसत नाही.

आणि कोण अनवाणी आहे हे तर काढायलाच हवं. घोड्याबरोबर पळणारा मोतद्दार बहुधा अनवाणी. दरबारात बैठकीवर बसलेले सगळे अनवाणी, कारण जोडे उंबऱ्याबाहेर. इंग्रजांनी त्यातला मान आपल्या बाजूने वळवून घेतला. स्वतः खुर्चीवर बूट घालून बसायचं आणि हिंदी माणसाने मात्र समोर येताना पायातलं काढायचं. १८६२ मध्ये सुरतेच्या कोर्टात माणेकजी कावसजी एन्टी यांनी जोडे काढायला नकार दिला आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्या कोर्टाचं चित्र काढायचं तर चेहऱ्यांपेक्षा जमिनीलगतच्या वीतभर पट्टीतच सगळं घडतं आहे. आपल्या गावांतही वेगळं नव्हतं. वरच्या आळीतून जाताना खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाने वहाणा काढून हातात घ्यायच्या, आणि त्या वहाणा शिवणाऱ्यालाही यातून सुटका नाही. गावाच्या देखाव्यात सगळ्यांच्या पायांत सारख्या कोल्हापुरी काढल्या की चित्र छान दिसतं, पण त्या माणसाच्या हातातल्या वहाणा मी पुसून टाकल्या असं होतं. ते मला करायचं नाही. मुलं चित्रावरून इतिहास लक्षात ठेवतात, मजकुरावरून नंतर.

सध्या सीताबर्डीच्या लढाईचं चित्र हातात आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, आप्पासाहेब भोसल्यांची फौज एका बाजूला, दोन टेकड्या धरून बसलेले इंग्रज दुसऱ्या बाजूला. आप्पासाहेबांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली, आणि खाली मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्डचं घोडदळ तुटून पडलं. नोव्हेंबर म्हणजे पाऊस संपलेला. घोड्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल मी काढणार नाही, वाळत चाललेल्या काळ्या मातीची ढेकळं काढीन. टेकडीवर मात्र काळा खडक, तिथे पावलं जपून पडलेली. कंपनीच्या घोड्यांना उंची जास्त देणार, आपल्या तट्टांना कमी, आणि त्या दोन उंचींमधला फरक लहान मुलालाही दिसेल एवढा ठेवणार.

पानं लावणाऱ्या मंडळींना मात्र एक विनंती आहे, कारण शीर्षकाला जागा हवी म्हणून माझी चित्रं नेहमी खालून कापली जातात. जागा हवी असेल तर वरून घ्या. आभाळ मी मुद्दाम मोकळं सोडलेलं असतं.