परस्परसंमतीने घटस्फोट : अर्जापासून नकलेपर्यंत

आम्हा दोघांत भांडण उरले नव्हते आणि एकत्र राहण्याची इच्छाही उरली नव्हती. अशा जोडप्यांसाठी हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये कलम १३-ब आहे, जे १९७६ च्या दुरुस्तीने आले. पती-पत्नी किमान एक वर्ष विभक्त राहत असावेत, एकत्र नांदणे त्यांना शक्य झालेले नसावे आणि विवाह संपवण्यास दोघांची संमती असावी, इतकेच हे कलम मागते. अर्ज दोघांनी मिळून एकच करायचा असल्याने कोणी कोणाला छळले हे लिहावे लागत नाही. नातेवाइकांना मात्र कारण हवेच असते. त्यांच्यासाठी कायद्यात काही तरतूद नाही.

मूल नसल्यामुळे आमचा मसुदा आखूड झाला. ताबा, भेटीचे वार, सुट्ट्यांची वाटणी, शिक्षणाचा खर्च हे सगळे परिच्छेद गळतात आणि त्यांच्या जागी एकच ओळ येते : ‘या विवाहसंबंधातून अपत्य झालेले नाही व अर्जदार क्रमांक १ ही गरोदर नाही.’ ही ओळ का लागते हे मला समजत होते. तरी टंकलिखित कागदावर स्वतःविषयी ती वाचताना मी काही क्षण थांबले आणि मग पुढचे पान उलटले. पण मूल नाही म्हणजे ठरवण्यासारखे फारसे काही नाही, हा समज चुकीचा आहे. न्यायालयात लागलेल्या वेळेपेक्षा संमतीच्या अटी लिहिण्यात आमचा कितीतरी जास्त वेळ गेला, आणि तो तसा गेला म्हणूनच पुढे कुठे अडले नाही.

स्त्रीधनाची यादी वकीलबाईंनी वजनासह करायला लावली. पाटल्या, तोडे, माझ्या आजीची मोहनमाळ, सासरहून आलेले मंगळसूत्र असे एकेक लिहून त्यापुढे ‘मिळाले’ किंवा ‘परत दिले’ असा शेरा दोघांच्या सह्यांनी घातला. भांड्यांवरून मात्र माझ्या आईने आणि माझ्या सासूबाईंनी फोनवर बराच काथ्याकूट केला. शेवटी ‘घरगुती वस्तूंबाबत परस्परांकडे काही येणे नाही’ या एका वाक्यात तो मिटला. पोटगी मी घेतली नाही, कारण माझी नोकरी कायम आहे. तरीही हा हक्क मनाचा मोठेपणा दाखवण्यासाठी सोडू नये, हे वकीलबाईंचे मत मला पटते. एकरकमी पोटगी ठरली असेल, तर रक्कम कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने द्यायची हे अटींत स्पष्ट असावे.

खरा गुंता कोथरूडच्या सदनिकेचा होता. पैसे माझे होते, पण कागदावर नावे दोघांची होती. कर्ज फिटलेले होते आणि मोबदला न घेता आपला हिस्सा मला द्यायला पतींची हरकत नव्हती. महाराष्ट्रात पती किंवा पत्नीला राहते घर बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये लागते, स्थानिक अधिभार वेगळा. मात्र ही सवलत नात्यासाठी असल्याने हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, झाल्यावर तिचा आधार राहत नाही. म्हणजे बक्षीसपत्र आधी आणि घटस्फोट नंतर, हा क्रम ठरला. त्यांची शंका रास्त होती : घर नावावर झाल्यावर मी संमती मागे घेतली तर? तसे करता येते, कारण हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. तोडगा असा निघाला की अर्ज आणि अटी आधी न्यायालयात दाखल कराव्यात, बक्षीसपत्राची नोंदणी त्यानंतर दुय्यम निबंधकांकडे करावी आणि तशी पुरसीस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, देऊन मगच अंतिम जबाब द्यावा. तरीही काही आठवडे त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, हे नोंदवले पाहिजे.

लग्न साताऱ्याला झाले असले तरी शेवटचे एकत्र वास्तव्य पुण्यात असल्यामुळे अर्ज शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात करता आला. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, लग्नपत्रिका, लग्नातले एक छायाचित्र, दोघांची ओळखपत्रे आणि पत्त्याचे पुरावे जोडले. या न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, त्यासाठी परवानगीचा वेगळा अर्ज करावा लागतो. व्यवहारात तो मंजूर होतो. न्यायालयीन शुल्क किरकोळ होते, वकिलांची फी अर्थातच तशी नव्हती. अर्ज नोंदला गेल्यावर सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, मिळाला आणि पुढची तारीख मोबाइलवर दिसू लागली.

विवाह समुपदेशक ताईंनी आम्हाला आधी वेगवेगळे आणि मग एकत्र बसवले. त्या समजूत घालतील या धास्तीने मी उत्तरे पाठ करून गेले होते. त्यांनी उपदेश केलाच नाही. ‘अटी वाचून सही केली की वकिलांनी सांगितले म्हणून?’ असे त्यांनी विचारले आणि सदनिकेचे कलम मला माझ्या शब्दांत सांगायला लावले.

कायद्याप्रमाणे अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा संमती सांगावी लागते. मात्र अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालाने सहा महिन्यांची ही मुदत माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे स्पष्ट केले. अर्जापूर्वीच दीड वर्ष उलटलेले असणे, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असणे आणि देण्याघेण्याचे सगळे प्रश्न मिटलेले असणे, हे त्यासाठी पाहिले जाते. आम्ही त्याहून अधिक काळ वेगळे राहत होतो, म्हणून माफीचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. ज्यांचे विभक्त राहणे नुकतेच वर्षभराचे आहे, त्यांनी या सवलतीवर विसंबून पुढचे बेत आखू नयेत.

शेवटच्या तारखेला पुकारा व्हायला दुपार झाली. शपथपत्रे आधीच दाखल होती. न्यायाधीशांनी दोघांना उभे करून संमती स्वतःची आहे का, कोणाचा दबाव आहे का आणि अटींप्रमाणे सर्व पूर्तता झाली का, इतके विचारले. बक्षीसपत्राची प्रत त्यांनी पाने उलटून पाहिली. आमचा हा सगळा जबाब बाहेर ताटकळण्याच्या मानाने फारच थोडक्यात आटोपला.

संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नसते, त्यामुळे अपिलाच्या मुदतीसाठी थांबावे लागले नाही. हुकूमनाम्याच्या नकलेसाठी, म्हणजे प्रमाणित प्रतीसाठी, लगेच नक्कल विभागात अर्ज केला. गृहनिर्माण संस्थेच्या भाग प्रमाणपत्रावरील नाव बक्षीसपत्रावरच बदलले होते. हुकूमनाम्याची नक्कल लागली ती बँकेत आणि कार्यालयात. विमा आणि बँक खात्यांवरचे नामनिर्देशन घटस्फोटाने आपोआप बदलत नाही, ते प्रत्येक ठिकाणी अर्ज भरून बदलावे लागते. काही ठिकाणी प्रमाणित प्रतच मागतात, छायाप्रत चालत नाही. म्हणून नक्कल मागतानाच एकाऐवजी दोन-तीन प्रती मागून घ्याव्यात.